एकटीची साक्ष

भारतीय पुरावा कायद्यात १३४ क्रमांकाचं एक अगदी छोटं कलम होतं. कोणतीही गोष्ट शाबीत करायला साक्षीदारांची अमुक एक संख्या लागत नाही, एवढंच ते सांगायचं. १ जुलै २०२४ पासून त्या कायद्याच्या जागी भारतीय साक्ष्य अधिनियम आला, कलमाचा आकडा १३९ झाला, अर्थ तोच राहिला. म्हणजे एकच माणूस बोलला आणि ते न्यायाधीशाला पटलं, तर तेवढ्यावर शिक्षा होऊ शकते. बायबल ऐकत मोठं झालेल्या आमच्यासारख्यांना याचं जरा नवल वाटतं. ‘अनुवाद’ या पुस्तकातलं मोशेचं नियमशास्त्र एका साक्षीवर कुणालाही दोषी ठरवू देत नाही. तिथे दोन किंवा तीन साक्षीदार लागतात.

लैंगिक अत्याचाराच्या खटल्यात हा दुसरा साक्षीदार बहुतेक वेळा नसतोच. ती असते आणि तो असतो. तो नाही म्हणतो. मग तिच्या एकटीच्या शब्दाचं वजन किती? या प्रश्नाला भारतातल्या न्यायालयांनी गेल्या सत्तर-पंचाहत्तर वर्षांत काय काय उत्तरं दिली, ते मंडळाच्या अभ्यासवर्गासाठी मी वाचत होते. मी कायद्याची विद्यार्थिनी नाही. पण निवेदकावर विश्वास कधी ठेवायचा, त्याने काय सांगितलं आणि काय गाळलं, हे आपण कादंबरीच्या तासाला रोजच विचारतो. निकालपत्र वाचताना तेच करावं लागतं, फक्त इथे निवेदक खरा असतो.

सुरुवात १९५१ च्या रामेश्वर विरुद्ध राजस्थान राज्य या निकालापासून करावी लागते. पीडित मुलगी आठ वर्षांची होती. खालच्या कोर्टाने तिला शपथ दिली नव्हती, कारण शपथेचं पावित्र्य तिला कळत नाही अशी नोंद न्यायाधीशांनी केली होती. मग बिनशपथेची साक्ष चालेल का? सर्वोच्च न्यायालयाचं म्हणणं असं की शपथ नसली म्हणून साक्ष बाद होत नाही, तिच्यावर किती विसंबायचं एवढाच प्रश्न उरतो. निकाल लिहिणारे न्यायमूर्ती व्हिव्हियन बोस म्हणजे नागपूर उच्च न्यायालयाचे माजी मुख्य न्यायाधीश. दुसरा मुद्दा जास्त दूरवर गेला. त्या काळापर्यंत बलात्काराच्या फिर्यादीत बाईच्या साक्षीला बाहेरून दुजोरा मागायची पद्धत होती. माफीच्या साक्षीदाराच्या बोलण्याकडे जशा संशयाने बघतात, तसंच काहीसं. बोस यांनी सांगितलं की ती काही गुन्ह्यातली भागीदार नाही. दुजोरा हवाच असा कायदा नाही. पण सावधगिरी म्हणून तो विचार न्यायाधीशाच्या मनात असायला हवा. मुलीने काही तासांतच आईला सगळं सांगितलं होतं, ते आईचं सांगणंच तिथे दुजोरा धरलं गेलं आणि शिक्षा कायम झाली.

सावधगिरी हा शब्द वाचायला निरुपद्रवी वाटतो. त्याचं काय होऊ शकतं ते देसाईगंजच्या खटल्यात दिसतं.

देसाईगंज तेव्हा चंद्रपूर जिल्ह्यात होतं, आता गडचिरोलीत आहे. २६ मार्च १९७२ च्या रात्री एका आदिवासी मुलीला, तिच्या भावाने दिलेल्या तक्रारीवरून, पोलीस ठाण्यात बोलावलं होतं. डॉक्टरांच्या अंदाजाप्रमाणे तिचं वय चौदा ते सोळा. जबाब झाल्यावर बाकीच्यांना बाहेर पाठवलं गेलं, तिला आत थांबवलं. तिच्या सांगण्याप्रमाणे एका पोलिसाने ठाण्याच्या आवारातच तिच्यावर बलात्कार केला आणि दुसऱ्याने तसा प्रयत्न केला. बाहेर आल्याबरोबर तिने लोकांना सांगितलं. गर्दी जमली. सत्र न्यायालयाने १९७४ मध्ये दोघांना सोडलं. ती खोटारडी आहे आणि तिला शरीरसंबंधांची सवय आहे, असं त्या निकालाचं म्हणणं. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने १९७६ मध्ये तो निकाल फिरवला. भीतीपोटी गप्प राहून सहन करणं म्हणजे संमती नव्हे, असा फरक त्यांनी केला. १५ सप्टेंबर १९७८ ला सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा दोघांना निर्दोष ठरवलं. अंगावर जखमा नाहीत, म्हणजे झटापट झाली नाही. झटापट झाली नाही, म्हणजे ओरडल्याचं ती सांगते तेही रचलेलं.

हा युक्तिवाद मी तीनदा वाचला. त्यात प्रत्येक पायरी आधीच्या पायरीवर उभी आहे, आणि सगळ्यात खालची पायरी कुणी तपासलेलीच नाही. रात्री, पोलीस ठाण्यात, गणवेशातल्या माणसासमोर पंधरा वर्षांची गरीब मुलगी झटापट करेल, हे कुठून आलं? वर्षभराने, सप्टेंबर १९७९ मध्ये, उपेंद्र बक्षी, लोतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर या कायद्याच्या चार प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहून साधारण हेच विचारलं. त्यातून देशभर मोर्चे निघाले आणि १९८३ मध्ये कायदा बदलला. कोठडीतल्या बलात्कारात संबंध आल्याचं सिद्ध झालं आणि बाईने कोर्टात संमती नव्हती असं सांगितलं, तर नव्हती असंच न्यायालयाने धरून चालायचं, असं कलम ११४-अ आलं. पीडितेचं नाव छापायला बंदी त्याच दुरुस्तीने आली. गंमत म्हणा किंवा आणखी काही, कायद्याच्या पुस्तकांत हा खटला आजही त्या मुलीच्याच नावाने ओळखला जातो. म्हणून मी इथे गावाचं नाव वापरलं. अधिकृत नाव ‘तुकाराम विरुद्ध महाराष्ट्र राज्य’ असं आहे. त्यात ती कुठेच नाही.

पुढचे बदल भराभर सांगते. बाईचं चारित्र्य ‘सर्वसाधारणपणे अनैतिक’ आहे असं दाखवून तिची साक्ष मोडायची परवानगी १८७२ पासून कायद्यातच होती. ती २००२ च्या दुरुस्तीने गेली. २०१३ मध्ये संमतीची व्याख्या आली, आणि शारीरिक प्रतिकार केला नाही एवढ्यावरून संमती धरता येणार नाही हे कायद्यातच लिहिलं गेलं. देसाईगंजनंतर एकेचाळीस वर्षांनी. ‘टू फिंगर टेस्ट’ अवैज्ञानिक आहे आणि ती करू नये, हे सर्वोच्च न्यायालयाला २०१३ मध्ये आणि परत २०२२ मध्ये सांगावं लागलं.

आता पंजाब. गुरमीत सिंग खटल्याचा निकाल १९९६ चा आहे, घटना ३० मार्च १९८४ ची. सोळा वर्षांच्या आतली एक मुलगी दहावीचा पेपर देऊन मामाच्या घरी चालली होती. गाडीतून आलेल्या तिघांनी तिला पळवून नेलं, विहिरीच्या पंपाच्या खोलीवर ठेवलं, सकाळी शाळेजवळ आणून सोडलं. त्या दिवशी तिचा आणखी एक पेपर होता. तिने तो दिला. मग गावी जाऊन आईला सांगितलं. वडील आल्यावर आधी पंचायतीत मिटवामिटवीचा प्रयत्न झाला, तो फसला, आणि मग फिर्याद नोंदवली गेली.

खालच्या कोर्टाने तिच्यावर विश्वास ठेवला नाही. कारणं वाचण्यासारखी आहेत. गाडी फियाट होती, अँबॅसिडर होती की मास्टर, हे तिला नीट सांगता येईना. रस्त्याने नेताना ती ओरडली नाही. दुसऱ्या दिवशी परीक्षेला गेली पण बाईंना किंवा मैत्रिणींना बोलली नाही. फिर्यादीला उशीर झाला. वर तिच्या चालचलणुकीवर शेरा. सर्वोच्च न्यायालयाने, न्यायमूर्ती ए. एस. आनंद यांच्या निकालपत्रात, हे एकेक करून बाजूला केलं. खेड्यातल्या मुलीला मोटारीची जात माहीत नसणं यात काय नवल? जिवाची धमकी असताना ओरडायचं कसं? आणि परीक्षेच्या हॉलमध्ये मैत्रिणींना सांगण्याऐवजी घरी जाऊन आईला सांगणं, यापेक्षा स्वाभाविक काय असतं? तिची साक्ष विश्वासार्ह वाटत असेल तर दुजोऱ्याची गरज नाही, आणि दुजोरा नियम म्हणून मागत बसणं हा तिच्या जखमेवर अपमानाचा थर आहे, असं न्यायालयाने म्हटलं. बंद दालनात सुनावणी घ्या, उलटतपासणी छळाचं साधन होत असेल तर न्यायाधीशाने नुसतं बघत बसू नये, असंही बजावलं.

मला ती परीक्षा विसरता येत नाही. तिने पेपर दिला हे खालच्या कोर्टाला खोटेपणाचं लक्षण वाटलं. आपल्यापैकी कुणीही, घरची परिस्थिती बेताची असलेल्या कुणीही, सांगेल की बोर्डाचा पेपर हा काय प्रकार असतो.

फियाट की अँबॅसिडर हा प्रश्न वाचताना मला दानिएलच्या पुस्तकाचा तेरावा अध्याय आठवला. प्रॉटेस्टंट मैत्रिणींच्या बायबलमध्ये तो नसतो, म्हणून थोडक्यात गोष्ट सांगते. बाबेलमध्ये सुसान्ना नावाची विवाहिता बागेत स्नानाला एकटी असताना दोन वडीलधारे न्यायाधीश तिला गाठतात. आमचं ऐक, नाहीतर एका तरुणाबरोबर तुला पाहिलं अशी साक्ष देऊ. ती मोठ्याने ओरडते. दुसऱ्या दिवशी दोघं खोटी साक्ष देतात, आणि ते वडील आहेत, न्यायाधीश आहेत, म्हणून लोक विश्वास ठेवतात. तिला मरणाची शिक्षा होते. तेव्हा दानिएल नावाचा कोवळा मुलगा उठतो, दोघांना वेगवेगळं करतो आणि एकच प्रश्न विचारतो: कोणत्या झाडाखाली? एक म्हणतो मस्तकीच्या, दुसरा म्हणतो ओकच्या. खेळ खलास. उपवासकाळाच्या पाचव्या आठवड्यात सोमवारच्या मिस्सात हे वाचन असतं, आणि लहानपणापासून मला ते डिटेक्टिव्ह गोष्टीसारखं आवडतं.

नियमशास्त्राने दोन साक्षीदार मागितले होते ते इथे हजर होते, आणि दोघंही खोटे होते. ती ओरडली होती, तरी उपयोग झाला नाही. (अनुवादात असंही आहे की वाग्दत्त मुलगी गावात असताना ओरडली नाही तर दोष तिच्यावरही येतो, रानात असेल तर नाही, कारण तिथे ऐकणारं कुणी नव्हतं. देसाईगंजचा निकाल वाचताना हे आठवलं नाही तर नवल.) तिला वाचवलं ते उलटतपासणीने. म्हणून ‘उलटतपासणी बंद करा’ असं म्हणणाऱ्यांबरोबर मी नाही. खोट्या साक्षीने माणूस मरू शकतो, आणि ते उघडं पाडायला हाच एक मार्ग असतो.

मग दानिएलचा प्रश्न योग्य आणि लुधियानाचा अयोग्य, असं का? दोन्हीकडे तपशीलच विचारला आहे, दोन्हीकडे साक्षीदार तपशिलातच अडकले. मला फरक असा दिसतो. ते दोघं एकाच जागी उभं राहून एकच दृश्य पाहिल्याचा दावा करत होते. झाड हा त्या दृश्याचा कणा होता; खरंच पाहिलं असतं तर ते दोघांनाही माहीत असणं भाग होतं. गाडीत कोंबलेल्या मुलीला त्या गाडीची कंपनी माहीत असणं भाग नाही. जिच्यावर हे गुजरलं तिला ही गोष्ट कळलेली असणारच का, एवढंच आधी विचारावं. उत्तर ‘नाही’ असेल तर तो तपशील चुकला काय, बरोबर आला काय, त्याने वजन कमी-जास्त व्हायला नको. ‘क्षुल्लक विसंगती’ आणि ‘मुळावर येणारी विसंगती’ असे शब्द निकालपत्रांत सारखे येतात, पण कोणती कुठली हे ठरवताना हा प्रश्न प्रत्येक वेळी विचारलेला दिसत नाही.

विश्वास ठेवणाऱ्या निकालांतही मला एक गोष्ट खटकते. १९८३ च्या भरवाडा भोगिनभाई या गुजरातमधल्या खटल्यात न्यायमूर्ती ठक्कर यांनी साक्ष मानली, ती साधारण या आधारावर की भारतीय समाजातली बाई बदनामीच्या भीतीने असा आरोप खोटा करणारच नाही. निकाल तिच्या बाजूने लागला, पण त्यासाठी तिला आधी लाजाळू, घरंदाज, भारतीय व्हावं लागलं. जी या चित्रात बसत नाही तिचं काय? देसाईगंजची मुलगी प्रियकराबरोबर राहणार होती. ती बसली नसतीच. त्यापेक्षा १९९० च्या नागपुरातल्या एका खटल्यात न्यायमूर्ती अहमदी यांनी केलेली तुलना मला जास्त पटते: ती जखमी साक्षीदारासारखी आहे. मारामारीत ज्याला घाव बसला त्याच्या साक्षीला आपण वजन देतो, ते तो सज्जन आहे म्हणून नव्हे. तो तिथे होता म्हणून.

दुसरी बाजूही न्यायालयांनी मांडली आहे. २००८ मध्ये राजू विरुद्ध मध्य प्रदेश राज्य या निकालात सांगितलं गेलं की तिच्या शब्दाला मोठं वजन द्यायचं, पण प्रत्येक खटल्यात यांत्रिकपणे नाही. खोट्या आरोपानेही माणूस उद्ध्वस्त होतो. हे खरंच आहे. २०१२ च्या राय संदीप खटल्यात मग ‘स्टर्लिंग विटनेस’ ही कल्पना आली. मराठीत बावनकशी साक्षीदार म्हणू या. त्याचं म्हणणं पहिल्या जबाबापासून शेवटच्या प्रश्नापर्यंत एकसारखं हवं, कितीही लांब उलटतपासणीत टिकणारं हवं, बाकी पुराव्याशी तंतोतंत जुळणारं हवं. अशा एकट्याच्या साक्षीवर निर्धास्त शिक्षा देता येते.

मला इथे अडचण वाटते. असा साक्षीदार मिळाला तर उत्तमच. पण तो मिळाला नाही म्हणजे साक्षच टाकून द्यायची, असा उलटा अर्थ लावला जातो तेव्हा पारडं फिरतं. बावनकशी नसलेलं सोनं पितळ नसतं.

कोट्टायमच्या सत्र न्यायालयाने १४ जानेवारी २०२२ ला जालंधरच्या बिशपांना एका धर्मभगिनीवरील बलात्काराच्या आरोपातून निर्दोष सोडलं, ते याच कसोटीचा आधार घेऊन. (हा परिच्छेद कॉलेजच्या अंकात ठेवायचा का, असं एका मैत्रिणीने विचारलं. ठेवला आहे.) धान्य आणि कोंडा वेगळा करता येत नाही, म्हणून सगळीच साक्ष बाजूला ठेवावी लागते, असं निकाल म्हणतो. राज्याने आणि त्या सिस्टरने उच्च न्यायालयात अपील केलं. निकाल बरोबर की चूक हे ठरवणं अपिलाचं काम आहे, माझं नाही. न्यायालयाने निर्दोष ठरवलेल्या माणसाला मी दोषी म्हणत नाही. मला एका मुद्द्याबद्दलच बोलायचं आहे. सोबतच्या सिस्टरांना तिने आधी सांगितलं होतं ते बिछान्यात सोबत करायच्या सक्तीबद्दल. फिर्यादीत बलात्कार आला. या फरकाला निकालात वजन मिळालं.

भाषेच्या विद्यार्थ्याने इथे थांबायला हवं. आपल्या मराठीत बघा. ‘वाईट काम केलं’, ‘अंगाशी आला’, ‘इज्जत घेतली’, ‘जबरदस्ती केली’. बायका असंच बोलतात, आईशी तर नक्कीच. आमच्या घरात यातला पहिला शब्दसुद्धा दार लावून उच्चारला जातो. पोलीस ठाण्यात त्याचं ‘जबरी संभोग’ होतं, कारण कलमाला तो शब्द लागतो. वर्तमानपत्रात ‘अत्याचार’. मग कोर्टात ती परत आपल्या शब्दांत बोलते, आणि वकील विचारतात, हे जबाबात का नाही? कायद्यानुसार महत्त्वाची गोष्ट जबाबात सांगायची राहिली तर तो ‘ओमिशन’ विसंगती धरता येतो. पण आडून सांगणं हे न सांगणं असतं का? मठात राहणारी बाई दुसऱ्या मठवासी बाईला कोणत्या शब्दांत सांगेल, याचा विचार केल्याशिवाय तिची दोन वाक्यं शेजारी ठेवून वजन करता येत नाही, असं मला ठामपणे वाटतं. दोन वाक्यं विसंगत आहेत, की एकाच गोष्टीची एक दबकी आणि एक उघडी आवृत्ती आहे, हे आधी वाचावं लागेल.

आणि आपण वाचतो ते तिचे शब्द असतात तरी का? फौजदारी प्रक्रिया कायद्याप्रमाणे सत्र न्यायालयातली साक्ष सहसा निवेदनाच्या रूपात उतरवतात. म्हणजे प्रश्न गळून पडतो आणि उत्तर तेवढं राहतं, साक्षीदार स्वतःहून सलग बोलल्यासारखं. बेळगावसारख्या ठिकाणी, जिथे खालच्या कोर्टाची भाषा कन्नड आहे, मराठी बोलणाऱ्या बाईची साक्ष कधी कधी भाषांतरातून जाते, आणि अपिलात इंग्रजीतून. ‘अंगाशी आला’चं तोवर काय झालेलं असेल?

उलटतपासणीत तर याचं अजबच रूप होतं. तेंडुलकरांच्या ‘शांतता! कोर्ट चालू आहे’मध्ये बेणारेला शेवटी बोलायला मोजके सेकंद मिळतात. तिचं लांबलचक स्वगत प्रेक्षकांना ऐकू येतं, रंगमंचावरचं कोर्ट मात्र गोठलेलं असतं. खऱ्या कोर्टात ती बोलते आणि ते लिहूनही घेतलं जातं, फक्त वकिलाने सुचवलेल्या गोष्टी तिच्या तोंडी नकारार्थी होऊन बसतात. पैशासाठी मी ही फिर्याद केली हे म्हणणे खरे नाही. आरोपीशी माझे आधीपासून संबंध होते हे म्हणणे खरे नाही. घटनेच्या वेळी मी ओरडले नाही हे म्हणणे खरे नाही. अशा ओळींवर ओळी. साक्ष प्रश्नोत्तरांच्या रूपात उतरवायची मुभा न्यायाधीशांना त्याच कायद्याने दिलेली आहे. ती वापरली तर निदान अपिलातल्या न्यायाधीशांना दिसेल की तिला काय विचारलं गेलं, कितीदा विचारलं गेलं, आणि कोणत्या प्रश्नाला ती गप्प राहिली.